तांदळाच्या दाण्याएवढे अंतर : स्वर, गणित आणि आमचा कान

बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात आमचे गाव आहे. तिथे दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम असतो. एक वीणेकरी थकला की दुसरा पुढे होतो. १९८० च्या आसपासची गोष्ट सांगतो. त्या वर्षी भजनी मंडळाने वर्गणी काढून नवी पेटी आणली होती आणि ती वाजवायला तालुक्याच्या गावाहून एक जण बोलावले होते. दुपारी बायकांच्या गौळणी असत. माझी आत्या गायला उभी राहिली. पहाटे जात्यावर ओव्या म्हणणारी, गळा स्वच्छ असलेली बाई. ती वीणेकऱ्याच्या अगदी शेजारी उभी होती. पेटीवाल्यांनी मध्येच गंधाराची पट्टी दाबून धरली आणि म्हणाले, “बाई, स्वर उतरतोय. पेटीत मिसळा.” पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा लोक हसले आणि आत्या खाली बसली.

घरी आल्यावर मीच शहाणपणाने तिला म्हणालो, “आत्या, पेटी कशी चुकेल? तूच खाली गायलालीस.” ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “पेटीला कान हायत का रे?” त्यानंतर ती जात्यावर गात राहिली, पण पेटीसोबत कधी गायली नाही. पुढे गावात गिरणी आली आणि जातेही सुटले.

मी मराठी साहित्य शिकवणारा माणूस आहे. गणित शाळेतच मागे राहिले. पण त्या दुपारी नेमके कोण बरोबर होते, हा प्रश्न मनातून गेला नाही. पन्नाशी ओलांडल्यावर भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याला धरून मी तो सोडवायला बसलो. जे समजले ते माझ्यासारख्याच, गणिताला बिचकणाऱ्या वाचकांसाठी इथे मांडत आहे. त्यासाठी लागणारे गणित आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होते.

दिडकी आणि सवायकी

जुन्या शाळांत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हेही पाठ करून घेत. स्वरांचे सारे मूळ या पाढ्यांत आहे.

तार छेडली की ती सेकंदाला ठरावीक वेळा थरथरते. या थरथरण्याला कंपन म्हणतात आणि कंपने वाढली की स्वर चढतो. संगीताच्या पाठ्यपुस्तकांत सोयीसाठी षड्जाची कंपनसंख्या २४० धरण्याची रीत आहे. आपणही तीच धरू. २४० ची दुप्पट ४८०, तो तार षड्ज. बाई आणि पुरुष एकच ओळ एकत्र म्हणतात तेव्हा बहुधा असे दुपटीच्या अंतरावर गातात आणि आपण त्याला एकच सूर म्हणतो. मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतच्या टप्प्याला सप्तक म्हणतात.

दुपटीच्या खालोखाल कानाला गोड लागणारे नाते दीडपटीचे आहे. २४० ची दीडपट ३६०, हा पंचम. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला लावतात ती याच नात्यावर विसंबून. तिसरे नाते सवापटीचे : २४० ची सवापट ३००, हा गंधार. मध्यमाला आपल्या पाढ्यांत जागा नाही. तो षड्जाच्या चार-तृतीयांश, म्हणजे ३२० असतो. पण मध्यमापासून तार षड्ज पुन्हा दीडपटच भरतो.

ही नाती कुणी ठरवून दिलेली नाहीत. तार थरथरते तेव्हा ती एकाच वेळी पूर्ण लांबीने, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांत थरथरत असते. तंबोऱ्याची खर्जाची तार १२० कंपनांची असली, तर तिच्यातून १२० बरोबर २४०, ३६०, ४८०, ६०० हे सूरही बारीक उमटत राहतात. शेवटचा ६०० म्हणजे ३०० ची दुप्पट, वरच्या सप्तकातला गंधार. तंबोऱ्याला गंधाराची तार नसताना गंधार ऐकू येतो तो यामुळे. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात आणि तारेखाली दोरा सरकवतात, तो हे बारीक सूर उजळावेत म्हणूनच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. आमच्या भागातल्या दिंड्या ज्या वाटेने जातात तिकडचेच ते भोपळे.

बारा पायऱ्या आणि उरलेले टोक

आता दीडपटीचा एकच नियम घेऊन सगळे स्वर मिळवायचे ठरवू. षड्जापासून पंचम, पंचमाचा पंचम ऋषभ, ऋषभाचा पंचम धैवत, धैवताचा पंचम गंधार, असे पुढे गेले की निषाद, तीव्र मध्यम, कोमल ऋषभ, कोमल धैवत, कोमल गंधार, कोमल निषाद, शुद्ध मध्यम असे बारा स्वर होतात आणि बाराव्या पायरीवर पुन्हा षड्ज येतो. स्वर फार वर गेला की निम्मा करून आपल्या सप्तकात आणायचा, एवढेच पथ्य. हिशोब किती सुबक! बारा पायऱ्या, बारा स्वर आणि शेवटी घरी परत.

पण घरी परत येत नाही. बारा वेळा दीडपट केली की मूळ संख्येच्या १२९.७५ पट होते. सात वेळा दुप्पट केली की होते १२८ पट. त्यामुळे २४० वरून निघालेला आपला षड्ज बारा पायऱ्या चढून आणि सात सप्तके उतरून २४३.३ वर येऊन थांबतो. सव्वातीन कंपने जास्त. दोन्ही षड्ज एकत्र वाजवले तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. नेमका अपूर्णांक हवा असेल तर तो ५,३१,४४१ भागिले ५,२४,२८८ असा आहे. हे उरलेले टोक ग्रीक गणितज्ञ पायथागोरसच्या नावाने ओळखले जाते.

वाटेल, आणखी पायऱ्या चढलो तर कधीतरी हिशोब जुळेल. कधीच जुळणार नाही, आणि याची सिद्धता चौथीतल्या मुलालाही सांगता येते. दीडपट करत जाणे म्हणजे वरच्या अंगाला तीनाने गुणत जाणे. तीनाला तीनाने कितीही वेळा गुणा, उत्तर विषम येते : ३, ९, २७, ८१. दोनाला दोनाने कितीही वेळा गुणा, उत्तर सम येते. विषम संख्या सम संख्येला कधी गाठत नाही. दीडपट आणि दुप्पट, दोन्ही नाती कानाला खरी आहेत. पण ती एकमेकांत बसत नाहीत.

असा न बसणारा हिशोब आपल्या घरात भिंतीवर टांगलेला असतो. बारा चांद्रमासांचे दिवस सुमारे ३५४, सौर वर्षाचे ३६५. दरवर्षी अकरा दिवस उरतात. पंचांगकर्ते उरलेले दिवस साठू देतात आणि एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालून ऋतू व तिथी यांची गाठ घालून देतात. चंद्र चुकलेला नसतो, सूर्यही नाही. धोंड्याचा महिना कुठे घालायचा, एवढा निर्णय माणसाला घ्यावा लागतो. स्वरांच्या हिशोबातही उरलेले टोक कुठे घालायचे हे माणसानेच ठरवले आहे, आणि निरनिराळ्या संगीतांनी ते निरनिराळे ठरवले आहे.

दोन गंधार

याहून मोठी अडचण चौथ्याच पायरीवर उभी राहते. दीडपटीने जात राहिलो की षड्ज २४०, पंचम ३६०, ऋषभ ५४० (निम्मा करून २७०), धैवत ४०५, गंधार ६०७.५ आणि निम्मा करून ३०३.७५. पण तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा सवापटीचा गंधार होता ३००. म्हणजे गंधार दोन झाले. दोन्ही खऱ्या नात्यांतून आले, आणि त्यांच्यात ८१ भागिले ८० एवढे अंतर आहे. धैवताचेही तसेच. ऋषभाचा पंचम म्हणून आला तर ४०५. मध्यमाची सवापट म्हणून आला तर ४००. गायकाने कुणाशी नाते जोडले यावर त्याचा धैवत ठरतो. देशकाराचा धैवत भूपाच्या धैवतापेक्षा चढा असतो, असे जाणकार म्हणतात. स्वरांची नावे तीच असताना राग वेगळा भासतो, त्यात असल्या सूक्ष्म फरकांचा वाटा असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक उदाहरण देतो. वृत्त शिकवताना आपण लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन असे सांगतो. पण फळ्यावरच्या मात्रा मोजून कुणी कविता म्हणत नाही. जात्यावरच्या ओवीत तर एखादे अक्षर पुढच्या घासाची वाट पाहत लांबते, दुसरे चटकन गिळले जाते. फळ्यावरची मापे खोटी नाहीत, कारण त्यांच्यावाचून वृत्त ओळखता येणार नाही. तरी म्हणणाऱ्याच्या तोंडात अक्षराला जी लांबी मिळते ती शेजारच्या अक्षरांशी असलेल्या नात्यावर ठरते.

पेटीची तडजोड

पेटीची मूळ जात युरोपातली. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवता येणारी पेटी रूढ केली. युरोपातल्या संगीतात एकाच रचनेत षड्ज बदलत राहतो आणि अनेक स्वर एकाच वेळी वाजतात. प्रत्येक षड्जापासून शुद्ध नाती हवी असतील तर पट्ट्या किती लावणार? म्हणून त्यांनी तडजोड केली. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट ठेवायची. ही संख्या बारा वेळा गुणली की बरोबर दोन होतात. हे गणित चीनमधल्या मिंग घराण्यातला राजपुत्र झू झाइयू याने १५८४ मध्येच करून ठेवले होते.

या तडजोडीत बाराव्या पायरीवर उरणारे टोक बारा पंचमांत वाटले जाते. प्रत्येक पंचमाच्या वाट्याला इतके थोडे येते की पेटीचा पंचम ३६० ऐवजी ३५९.६ होतो. तो फरक आपल्याला जाणवतही नाही. गंधार मात्र ३०० ऐवजी ३०२.४ वर जातो. तंबोऱ्यातून ६०० चा स्वयंभू गंधार झिरपत असतो आणि पेटीच्या गंधारातून त्याची दुप्पट, ६०४.८, बाहेर पडते. दोहोंची गाठ पडली की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे येतात. जवारीदार तंबोऱ्याजवळ पेटी वाजवली की एक बारीक कंप कानाला टोचतो, तो हा.

स्वरांतले अंतर मोजायला १८८५ च्या सुमारास अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने ‘सेंट’ हे माप रूढ केले. सप्तकाचे १२०० सेंट, पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १००. या मापाने पेटीचा पंचम २ सेंट उतरलेला आणि गंधार सुमारे १४ सेंट चढलेला असतो. ८१ भागिले ८० हे अंतर साडेएकवीस सेंटचे आणि बाराव्या पायरीचे टोक साडेतेवीस सेंटचे.

पेटी दुरुस्त करणारे कारागीर यावर उपाय करू शकतात. पितळी पत्ती टोकाशी घासली तर सूर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. अशा रीतीने गंधार, धैवत, निषाद नैसर्गिक जागी आणता येतात. पण ते एकाच षड्जापुरते. गायक बदलला, काळी एक सोडून काळी चारवर गेला, की तीच पेटी आधीपेक्षा जास्त टोचू लागते. मींड आणि आंदोलन तर तिच्या आवाक्यातच नाही. दरबारीचा झुलता कोमल गंधार कोणत्या पट्टीवर दाबायचा?

रवींद्रनाथ ठाकूर यांचा पेटीला विरोध होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या स्टुडिओत बंदी केली आणि ती सत्तरच्या दशकात हळूहळू सैल झाली. तरी पेटीला खलनायक ठरवणे मला मान्य नाही. गोविंदराव टेंबे यांनी तिच्यातून काय काढले, हे मराठी रसिकांना सांगायला नको. आणि आमच्या भागातल्या गरीब खेड्यात एकच पेटी एकादशीला अभंगांना, बसवजयंतीला कन्नड वचनांना आणि उरुसात कव्वालीला वाजते. तंबोरा तेवढे फिरू शकला नसता.

कल्याणपासून सांगलीपर्यंत

बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही कल्याणी चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात गायन-वादनाचे विस्तृत प्रकरण आहे आणि महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंदही आहे. त्याचा मुलगा जगदेकमल्ल याने ‘संगीतचूडामणि’ लिहिला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त पूर्वसूरींची यादी दिली आहे, तीत कल्याणच्या या दोन्ही राजांची नावे आहेत. माझ्या आत्याच्या ओवीची वंशावळ शोधायला मला फार दूर जावे लागले नाही.

सूक्ष्म अंतराचा प्रश्न या परंपरेला चांगला ठाऊक होता. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत : षड्ज, मध्यम, पंचम यांच्या चार-चार, ऋषभ-धैवतांच्या तीन-तीन, गंधार-निषादांच्या दोन-दोन. त्या कशा ओळखायच्या यासाठी प्रयोगही दिला आहे. दोन सारख्या वीणा घ्यायच्या. एक अचल ठेवायची आणि दुसरीचे स्वर श्रुती-श्रुतीने उतरवत जायचे. दुसऱ्या उतरणीला तिचे गंधार-निषाद पहिलीच्या ऋषभ-धैवतांना मिळतात. तिसरीला ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांना मिळतात. चौथीला षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गंधार, मध्यमांना मिळतात. शार्ङ्गदेवाने यासाठी प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या. या सगळ्यात अपूर्णांक एकही नाही. निकाल कानाने द्यायचा आहे.

अपूर्णांक आले ते विसाव्या शतकात, आणि त्यात मराठी माणसाचा मोठा हात होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन बावीस श्रुतींच्या कंपनसंख्या मांडल्या आणि १९१० मध्ये इंग्रजीतून पुस्तक काढले. मुंबई इलाख्यातले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी तो धागा पुढे नेला. त्यांचे पुस्तक १९१३ चे. या मंडळींनी श्रुतींची पेटीही करवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा हा विषय तिथे गाजला. विष्णु नारायण भातखंडे यांना प्राचीन श्रुतींवर असे आधुनिक आकडे बसवणे पटले नाही. प्रत्यक्ष शिक्षणासाठी त्यांनी बारा स्वरांची मांडणी घेतली आणि आज तीच रूढ आहे. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने घडवली आहे, म्हणजे देवलांचा प्रश्न अजून जिवंत आहे.

या मांडणीत एक सुंदर हिशोब आहे. सप्तकाचे बावीस भाग तीनच मापांचे निघतात : सुमारे ९० सेंटचे सात, ७० सेंटचे पाच आणि साडेएकवीस सेंटचे दहा. बेरीज करून पाहा, बाराशे भरतात. पण हा हिशोब जुळला म्हणजे गायक तसेच गातात, असे सिद्ध होत नाही. १९६३ मध्ये नझीर जैराझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी वादकांचे स्वर यंत्राने मोजले. एकच स्वर कलाकारागणिक वेगळा निघालाच, पण एकाच वादनातही तो जागा बदलताना दिसला. नैसर्गिक गंधार म्हणजे खुंटी ठोकलेली जागा नव्हे. गळा तिच्याकडे ओढला जातो, कधी थोडा अलीकडे राहतो, कधी मुद्दाम पलीकडे जातो.

एक प्रयोग

हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. प्रयोगशाळेत सोनोमीटर असतो. नसल्यास लाकडी फळीवर पोलादी तार ताणून दोन घोड्या लावा. दोन घोड्यांमधली तार ९० सेंटिमीटर ठेवा. हा षड्ज. एक घोडी सरकवून तार ६० केली की पंचम, ६७.५ केली की मध्यम. ७२ वर सवापटीचा नैसर्गिक गंधार मिळतो. दीडपटीच्या चार पायऱ्यांचा गंधार ७१.१ वर येतो आणि पेटीचा ७१.४ वर. शेजारी मोबाइलवर त्याच षड्जाचा तंबोरा लावून ठेवा आणि घोडी ७१.४ वरून ७२ पर्यंत सावकाश सरकवा. हेलकावे मंद होत होत थांबतात.

पेटीचा गंधार आणि नैसर्गिक गंधार यांच्यात तारेवर साडेपाच-सहा मिलिमीटरचे अंतर आहे. तांदळाचा एक दाणा ठेवला की ते भरून निघते.

आमच्या महाविद्यालयात आम्ही हे केले तेव्हा काही विद्यार्थ्यांना फरक कळला नाही, काहींना लगेच कळला. आळंद तालुक्यातल्या भजनी घरातली एक विद्यार्थिनी पुढे आली. तिने आकड्यांकडे न पाहता, डोळे मिटून, तंबोऱ्यावर कान ठेवून घोडी लावली. तीन-चार वेळा लावली. दर वेळी जागा थोडी बदलली, पण ७२ च्या आसपासच राहिली. नंतर पेटीच्या जागेवर घोडी ठेवून मी विचारले, “हा कसा वाटतो?” ती म्हणाली, “सर, चुकला नाही म्हणता येत. पण बसला नाही.”

आत्याचा गंधार

आता त्या दुपारकडे वळतो. आत्या वीणेशेजारी उभी होती. वीणेच्या तारांतून सवापटीचा गंधार झिरपत होता. समोर नवी पेटी होती, तिचा गंधार १४ सेंट चढा. वीणेला धरून गाणारी बाई पेटीच्या मानाने ‘उतरलेली’ ऐकू येणारच. मग आत्या बरोबर होती, असे म्हणू का? तसे मला म्हणता येणार नाही. तिचा आवाज कुठे नोंदवलेला नाही, आणि ती जाऊन बरीच वर्षे झाली. कदाचित ती खरेच उतरली असेल. उन्हातून आलेली बाई होती आणि समोर माणसे होती. बेसूर ही गोष्ट जगात आहे, आणि सगळे सूर सारखेच असे म्हणणाऱ्याला गाणे शिकवता येणार नाही. मला ठामपणे सांगता येते ते एवढेच, की तिच्याविरुद्ध जो पुरावा दिला गेला तो पुरावा नव्हता. पेटीवाल्यांनी एका तडजोडीला कसोटी समजले. ते वाईट माणूस नव्हते. आपल्या वाद्यात काय मिसळले आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. मलाही नव्हते, आणि तरी मी भाकरी थापणाऱ्या आत्याला उपदेश केला.

हा लेख संगीताच्या नियतकालिकाला न देता मी या वार्षिकाला देत आहे, त्याचे कारण माझ्या टेबलावर आहे. १९५६ मध्ये बीदर आणि तेव्हाचा गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून म्हैसूर राज्यात आले. आमची मुले घरी ‘जायलालाव’, ‘करायलालाव’ म्हणतात. कन्नडचा हेल आणि दखनीचे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी ती रूपे लाल शाईने खोडत आलो आणि पुढेही खोडीन, कारण प्रमाण मराठी त्यांना लिहिता आलीच पाहिजे. पेटीवाचून सप्ताह चालत नाही, तशी प्रमाणभाषेवाचून शाळा आणि कचेरी चालत नाही. दूरदूरच्या माणसांनी एकत्र यावे म्हणून केलेली ती उपयोगी तडजोड आहे. पण पूर्वी मी समासात ‘अशुद्ध’ एवढाच शब्द लिहीत असे. आता मी विद्यार्थ्याला बोलावतो आणि विचारतो की घरी हे कोण म्हणते, कधी म्हणते. मग लिहिताना कोणते रूप घ्यायचे ते सांगतो. ‘अशुद्ध’ हा शब्द खरोखरच्या चुकांसाठी राखून ठेवला आहे, आणि तशा चुकांची टंचाई नाही.

मागच्या सप्ताहात मी गावी गेलो होतो. पेटी आता दुसरी आहे, वीणा बहुधा तीच असावी. एक म्हातारी गौळण म्हणायला उठली आणि वीणेकऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पेटी वाजवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याने आधी तिचा सूर ऐकला, काळी चार धरली, आणि ओळीच्या शेवटी जिथे ती गंधारावर थांबे तिथे पट्टीवरचे बोट उचलून घेतले. तेवढ्या वेळात फक्त वीणा ऐकू येई.